दंडाच्या आतील बाजूचा वर्ण

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

माझा मुलगा हेरंब याने काल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर माझ्या चेहऱ्याविषयी पुढील मजकूर प्रसिद्ध केला : "बाबांनी हट्टाने लेझर करून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात जाऊन बसले, म्हणून चेहरा लाल झालाय. काळजीचं कारण नाही."

या मजकुरात एकही विधान बरोबर नाही. उपचार लेझरचा नव्हता. ती प्रकाशाच्या तीव्र झोतांची निराळी पद्धत आहे आणि दोहोंतला फरक मला समजावून देण्यात आला होता. मी हट्ट केला नाही; संमती दिली. दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो नाही. खोलीचे पडदे ओढून बसलो होतो, याला माझी पत्नी विद्युलता साक्षी आहे. आणि काळजीचे कारण आहे की नाही, हे ज्याचा चेहरा आहे त्याला ठरवू द्यावे.

पुण्याच्या मेहुण्यांनी त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन चित्रे टाकली. नागपूरच्या पुतणीने लिहिले, "काका, हीरो व्हायचं होतं का?" काकांचे वय ऐंशी वर्षे नऊ महिने आहे. पुढील महिन्यात सहस्रचंद्रदर्शन आहे. हीरो होण्याची वेळ निघून गेली, एवढे काकांना कळते.

हेरंब इथेच चेन्नईत, पेरुंगुडीला राहतो. त्याला फोन केला.

"मी उन्हात गेलो, हे तुला कोणी सांगितले?"

"जाऊ द्या ना बाबा. कोणी का सांगेना."

"कर्ता सांग."

तो म्हणाला, "ऊर्मी."

मी फोन ठेवला. ऊर्मी ही हेरंबची मुलगी, माझी एकुलती नात. तीच त्या दवाखान्यात कामाला आहे आणि तिनेच माझ्यावर तो उपचार केला. मी उन्हात गेलो नाही, हे माझ्याइतकेच तिलाही ठाऊक आहे. त्या दिवशी तिने चार वेळा फोन करून पडदे ओढले आहेत ना, असे विचारले होते.

विद्युलतेला हे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. "बरं," एवढेच म्हणाली.


१८ फेब्रुवारी, मंगळवार

जे घडले ते क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी त्यात भर घालणार नाही.

सहस्रचंद्रदर्शनाच्या विधीत आज्यावलोकन असते. काशाच्या वाटीत पातळ केलेले तूप घ्यायचे, त्यात आपले मुख पाहायचे आणि मग ती वाटी तुपासह दान करायची. मी ऊर्मीला हे दिवाळीत समजावून सांगत असता ती म्हणाली, "वाटी मी धरणार, आजोबा. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही." तिचे मराठी तमिळ हेलाचे आहे, पण ते मी घडवलेले आहे. दुसरीत असल्यापासून ती दर रविवारी माझ्याकडे येऊन मराठीचे एक पान मोठ्याने वाचते. हेरंबला जे सव्वीस वर्षांत साधले नाही, ते तिने सहा वर्षांत साधले.

तेव्हाच मी सहज म्हणालो की, आता तुपात दिसायचे काय, गालांवरचे तपकिरी डाग आणि नाकावरच्या लाल शिरा! ती म्हणाली, "ते घालवता येतं. आमच्याकडे मशीन आहे." म्हणजे सूचना तिची होती.

नऊ तारखेला सकाळी आळ्वारपेटच्या त्या दवाखान्यात गेलो. तिने माझ्या डोळ्यांवर काळे झाकण बसवण्यापूर्वी यंत्राच्या पडद्यावर बोट ठेवून विचारले, "आजोबा, स्किन कुठली धरू? मला चार-पाच नंबरची वाटते. सावळी."

मी म्हणालो, "सावळी? आपण कोकणस्थ आहोत, ऊर्मी. माझ्या आईला सारा गाव गोरी म्हणून ओळखत असे. मद्रासला उतरलो तेव्हा आवडी या उपनगरातल्या कारखान्यात मला पारशी समजले होते. हा चेहऱ्यावरचा रंग माझा नव्हे, हा इथल्या उन्हाचा आहे."

ती घुटमळली. तेव्हा मी सदरा काढला, बनियनची बाही वर केली आणि दंडाची आतील बाजू तिच्यासमोर धरली. तिथे ऊन कधी पोचलेले नाही. "हा माझा वर्ण," मी म्हणालो.

तिने दंडाकडे पाहिले. "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असेल," म्हणाली आणि आकडा बदलला.

प्रत्येक झोताबरोबर तापलेल्या रबराचा पट्टा गालावर मारल्यासारखे वाटत होते. तिने दोनदा विचारले, "सहन होतंय ना?" मी हो म्हणालो, कारण होत होते.

संध्याकाळी दोन्ही गालांवर आणि कपाळावर लाल चौकोन उमटले. यंत्राची काच जितकी, तितकेच. मोठ्या टपाल तिकिटासारखे, एकाला लागून एक. ते अजून आहेत.


२३ फेब्रुवारी, रविवार

ऊर्मी वाचायला आली नाही. मलम मात्र हेरंबबरोबर पाठवले.

खालच्या मजल्यावरचे राणोजी जिन्यात भेटले. त्यांचे घराणे तंजावरचे. त्यांच्या मराठीत माझ्या पणजोबांच्या पत्रांतले शब्द आणि आजच्या मैलापूरच्या भाजीबाजारातले तमिळ शब्द एकाच वाक्यात नांदतात. चष्मा कपाळावर सरकवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"काय स्वामी, मुखावर कोलम कोण घातलं?"

त्यांच्याकडे रांगोळीला कोलम म्हणतात. मी सांगितले की, त्वचेच्या उपचाराचा परिणाम आहे.

"हां हां, ऐकलं मी. वेय्यिलात गेलांत म्हणे. या गांवचं वेय्यिल कोणास सोडतं? मज पाहा, मी काळा होऊन बसलों, पण रेघा नाहींत!" आणि मोठ्याने हसले.

म्हणजे उन्हाची कथा जिन्यापर्यंत उतरली. मी त्यांना सत्य सांगू लागलो; पण सत्य सांगायचे तर दंडाचा भाग सांगावा लागतो आणि जिन्यात उभे राहून तो सांगण्यासारखा नाही. मी "नमस्कार" म्हणून वर आलो.

या मुलीने मला अशा जागी उभे केले आहे की, तिचे खोटे खोडावे तर माझेच हसे व्हावे.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकोन फिकट होत नाहीत. कपाळावरचे दोन आता लालऐवजी किंचित काळपट दिसतात. दुपारी ऊर्मीला फोन केला. पंधरवड्यात प्रथमच आम्ही बोललो.

"मी सोमवारी तुमच्या डॉक्टरांना दाखवायला येतो."

"नको, आजोबा!" ती इतक्या घाईने म्हणाली की, मी फोन कानापासून दूर धरला. "तुम्ही कशाला येता? ऑटोत धूळ, ऊन. मीच मॅडमना फोटो दाखवते. मीच सगळं आणते."

"ऊन? उन्हाचा विषय तू काढतेस?"

ती मलमाविषयी विचारू लागली. मी थांबवले.

"मी गच्चीवर बसलो होतो, असे तू घरात सांगितलेस. का?"

"पप्पा ओरडत होते. काहीतरी सांगायला पाहिजे होतं." मग हळूच, "दुसरं सांगितलं असतं तर तुम्हाला आवडलं नसतं."

दुसरे म्हणजे काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "काही नाही," आणि रडू लागली. रडणे हे उत्तर नव्हे. जी व्यक्ती मला दवाखान्यात येऊ देत नाही, तिला तिथे काहीतरी झाकायचे आहे, हे उघड आहे.


३ मार्च, सोमवार

गेलो. बरे झाले गेलो.

डॉ. सरोजा या पन्नाशीच्या बाई आहेत. थोडे आणि स्वच्छ इंग्रजी बोलतात. भिंग घेऊन त्यांनी माझा एकेक गाल पाहिला. नंतरचे संभाषण जसे झाले तसे मराठीत उतरवतो.

"हे कधी केलं?"

"नऊ फेब्रुवारी. सकाळी साडेनऊला."

त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले. "रविवार होता. रविवारी मी नसते."

"यंत्र होते."

"यंत्र माझ्याशिवाय कोणी लावायचं नाही, असा इथे नियम आहे. कोणी लावलं?"

मी नाव सांगितले. पूर्ण नाव सांगितले, कारण अर्धे नाव सांगण्याची मला सवय नाही.

"आधी कानामागे छोट्या जागेवर करून पाहिलं होतं? काही दिवस थांबून?"

"नाही."

पेशंटने नकार दिला होता का, असे त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर सांगितले असते.

मग त्या म्हणाल्या की, यंत्र फार गोऱ्या त्वचेसाठी, म्हणजे जास्त जोरात, लावले गेले असावे आणि तसे का लावले, हे त्यांना उमगत नाही. मी सांगितले की, मला वर्ण विचारण्यात आला आणि मी तो पुराव्यासह दाखवला. पुरावा कसला, असे त्यांनी विचारले. मी बाही वर केली.

त्यांनी दंडाकडे पाहिले, चेहऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा दंडाकडे पाहिले.

"सर, तुम्ही चेन्नईत किती वर्षं आहात?"

"सत्तावन्न."

"तुमच्या चेहऱ्यानेही तेवढी वर्षं इथेच काढली. दंडाने नाही."

हे विधान मला अप्रस्तुत वाटले. मी प्रश्नाकडे परत आलो : तिने हे माझ्यापासून लपवले की नाही? डॉक्टर म्हणाल्या, "माझ्यापासून लपवलं, हे नक्की. आणि मी नसताना हात लावायचा नाही, हे तिला पहिल्या दिवशी सांगितलेलं आहे. तुम्ही काय म्हणालात, हा तुमचा प्रश्न. तिने ऐकायला नको होतं, हा माझा."

लाली काही आठवड्यांत जाईल. मागे काळसर डाग राहतील आणि ते निवळायला काही महिने लागतील, असेही त्या म्हणाल्या. म्हणजे सोळा तारखेला, कार्याच्या दिवशी, ते असणार.

बाहेर पडताना काचेच्या दारापलीकडे ऊर्मी दिसली. पांढरा कोट, हातात ट्रे. मला पाहून ती जागच्या जागी थांबली. मी तिच्याशी बोललो नाही. जे सांगायचे ते योग्य ठिकाणी सांगून झाले होते.


६ मार्च, गुरुवार

ऊर्मीची नोकरी गेली.

हेरंबने आईला फोनवर सांगितले. मला सांगितले नाही. विद्युलतेने फोन खाली ठेवला आणि पदराला हात पुसले, हात कोरडे असूनही.

"झालं तुमच्या मनासारखं?"

"माझ्या मनाचा यात काय संबंध? डॉक्टरांनी विचारले, मी उत्तर दिले."

"विचारलं तेवढंच दिलंत."

"प्रश्नापेक्षा मोठे उत्तर देणे हा दोष आहे."

"अहो, दोष कसला घेऊन बसलात? पोरीने तुमची अब्रू राखली!" बावन्न वर्षांच्या संसारात ती माझ्यावर आवाज चढवून फार थोड्या वेळा बोलली आहे. "म्हातारा उन्हात बसला म्हटलं की लोक हसतात आणि विसरतात. ऐंशीव्या वर्षी सदरा काढून 'मी गोरा, मी गोरा' करत होता, हे सांगितलं असतं तर? पुण्याच्या दादाने काय केलं असतं? तीनच चित्रं टाकली असती?"

"तिने स्वतःला वाचवण्यासाठी खोटे सांगितले."

"स्वतःला वाचवायचं असतं तर खरंच सांगितलं असतं तिने."

मी यावर विचार केला. विद्युलतेचा तर्क मला पटला नाही. खोटे ते खोटे. ते कोणासाठी सांगितले यावरून त्याची जात बदलत नाही. ज्या मुलीला मी अक्षर शिकवले, तिने माझ्याविषयी पहिली गोष्ट रचली ती खोटी रचली, आणि साऱ्या घराने ती माझ्या आधी वाचली. याला विश्वासघात याहून सौम्य शब्द मला सापडत नाही. शोधला.

"आणि गोरे होतात, ते मी कुठे नाकारते?" स्वयंपाकघरातून ती म्हणाली. "आवडीच्या क्वार्टरमध्ये मला दाखवायला आणलं तेव्हा होतात. नंतर सायकलवरून कारखान्यात कोण जात होतं, मी?"


९ मार्च, रविवार

विद्युलता राणोजींच्या पत्नीकडे, राजसबाईंकडे, हळदीकुंकवाला गेली. मी वाचत बसलो.

चारच्या सुमारास दाराची घंटा वाजली. पुन्हा वाजली.

सहाला विद्युलता परतली ती हातात कापडी पिशवी घेऊन. कडीला अडकवलेली होती म्हणाली. आत मलमाच्या दोन नळ्या आणि रुंद काठाची सुती टोपी. चिठ्ठी नव्हती.

माझे मलम संपत आले होते. ते लावतो. मलमाचा यात काही दोष नाही.

आज रविवारचे पान मीच मोठ्याने वाचले. घरात ते फार मोठे वाटले.


१३ मार्च, गुरुवार

हेरंब ऑफिसातून परस्पर इकडे आला. कॉफी घेतली नाही. विद्युलता आमच्यामध्ये बसली होती, तरी त्याने प्रश्न मलाच विचारला.

"बाबा, रविवारी वाटी कोण धरणार?"

"तू."

"ठरलं होतं ऊर्मीचं. दिवाळीपासून म्हणतेय ती. काठपदराची साडी तिच्या आईकडून मागून घेऊन बसलीय."

"तिला या कार्याचे बोलावणे नाही."

"म्हणजे?"

"वाक्य सरळ आहे."

तो उठला. दाराशी वळून म्हणाला, "तुम्हाला माहितीये बाबा, मला मराठी का आलं नाही? प्रत्येक वेळी तोंड उघडलं की तुम्ही मध्येच थांबवायचात. तिला नाही थांबवलंत. तिने काहीही चुकीचं वाचलं तरी तुम्ही ऐकून घ्यायचात. मला वाटायचं, बरं झालं, हिला तरी बाबा भेटले."

त्याने वापरलेली माहिती चुकीची आहे. ऊर्मी चुकीचे वाचत नसे.


१७ मार्च, सोमवार

काल कार्य झाले. हॉल लहान पण हवेशीर होता. गुरुजींचे उच्चार बरे. पुण्याहून मेहुणे आले. मला पाहून त्यांनी हसू आवरले, ते मला आवरताना दिसले.

आज्यावलोकनाच्या वेळी हेरंबने वाटी धरली. तुपावर तरंग उठत राहिले आणि मुख जुळून येईना. गुरुजी म्हणाले, "स्थिर, स्थिर." मी वाकून बराच वेळ पाहिले. शेवटी क्षणभर तूप थांबले. डाग नव्हते, चौकोन नव्हते, लाली नव्हती. तुपात कोणाचाही वर्ण दिसत नाही. पिवळ्यावर एक काळी आकृती, चष्म्याच्या दोन कड्या, आणि वर वाटीला धरलेले दोन अंगठे. हे मला कोणी आधी सांगितले नव्हते. ज्यासाठी एवढे केले, ते तिथे दिसतच नाही.

अंगठे हेरंबचे होते. मी दुसरे अंगठे पाहण्याच्या अपेक्षेने वाकलो होतो, असे आता वाटते. वाटी दिली.

आज सकाळी हेरंबने गटावर सोहळ्याचा वृत्तांत टाकला. आधीच्या सर्व प्रकरणाचाही त्यात उल्लेख केला आहे, माझी बाजू सांभाळून. सांभाळण्याच्या नादात तारखा आणि तपशील चुकले आहेत. गटावर वाद घालणार नाही. इथे दुरुस्त करून ठेवतो.

८ फेब्रुवारी. या दिवशी उपचार झाला, असे तो लिहितो. चूक. उपचार ९ तारखेला, रविवारी झाला. आठला शनिवार होता. "शनिवारीच या, मॅडम असतात," असे ऊर्मी म्हणाली होती. शनिवारी तिथे बायकांची गर्दी असते. तिच्यात बसणे मला प्रशस्त वाटले नाही. रविवार मी सांगितला.

२ फेब्रुवारी. याचा उल्लेखच नाही, हवा. या दिवशी ऊर्मी कानामागे छोट्या जागेवर करून पाहायला म्हणून मला न्यायला आली होती. मी गेलो नाही. चाचणी अनोळखी माणसाची घ्यावी, असे मी म्हणालो.

१० फेब्रुवारी. "बाबा उन्हात गेले," याऐवजी आता त्याने "थोडा वेळ" असे घातले आहे. तरीही चूक. दहाला मी गच्चीवर गेलो नाही. नऊला, उपचाराआधी, गेलो होतो. रोज सकाळी अर्घ्य द्यायला जातो तसा. तिने विचारले होते. मी म्हणालो, ते ऊन नव्हे, ती पूजा.

४ मार्च. ऊर्मीने नोकरी सोडली, असे तो लिहितो. सोडली नाही. तिला काढले. मी तिचे नाव सांगितले त्याच्या दुसऱ्या दिवशी.

९ मार्च. ऊर्मी इकडे मैलापूरला आली तेव्हा घरी कोणी नव्हते, असे तो लिहितो. चूक. मी होतो. दारापर्यंत गेलो होतो.

१६ मार्च. "ऊर्मीला बरं नव्हतं, तिचं आसन रिकामं राहिलं," असे तो लिहितो. आसन रिकामे राहिले नाही. ते मांडलेच नव्हते. हॉलमधल्या माणसाने विचारले होते, अजून एक टाकू का. मी नको म्हणालो.